सोमच्या बांधावरची शस्त्रपूजा

तोफगोळ्याला उदबत्ती ओवाळलेला डॉक्टर नॉटिंगहॅममध्ये बहुधा मी एकटाच असेन.

ऑक्टोबरमधल्या हाफ-टर्मच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही गाडी घेऊन फ्रान्समधली सोम नदीकाठची रणांगणं बघायला निघालो होतो: मी, बायको मेधा, अकरा वर्षांची तन्वी आणि साताऱ्याहून आलेली आई. दसरा नेमका वाटेत आला. आईनं एका शेताच्या कडेला गाडी थांबवायला लावून तिची हळदकुंकू वाहून पूजा केली. तेवढ्यात तिला बांधावर गंजक्या लोखंडी नळकांड्यांची रास दिसली.

"काय रे ते?"

"पहिल्या महायुद्धातले तोफगोळे. नांगरताना निघतात, मग शेतकरी असे कडेला ठेवतात." (का ठेवतात, ते गाइडबुकातलं पान मी वाचलं नव्हतं!)

"म्हणजे शस्त्रंच की! चल, शस्त्रपूजा करू."

"आई, हात नका लावू हं," मेधा म्हणाली.

"अगं, शंभर वर्षं झाली. एक्स्पायरी डेट कधीच उलटली!" असं म्हणत मी उदबत्ती पेटवली, ओवाळली आणि सगळ्यात मोठ्या गोळ्याला टेकवून मातीत खोचली.

तिकडून एक शेतकरी ट्रॅक्टर सोडून ओरडत धावत आला.

"प्रसादाला आला वाटतं," आई म्हणाली.

तन्वी शाळेत फ्रेंच शिकते. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, तो म्हणतो, ते अजून लाइव्ह आहेत, फुटू शकतात! बॉम्बवाले लोक येऊन घेऊन जाणार!"

मी भूलतज्ज्ञ, घाबरलेल्या पेशंटला रोज दहापर्यंत आकडे मोजायला सांगतो. मी दोनपर्यंत मोजले आणि "पळाऽऽ!" म्हणून जिवाच्या आकांतानं सुटलो. शंभरेक पावलांवर ढेकळांत पालथा पडलो, कान घट्ट झाकून. स्फोट काही होईना.

मान वर केली. शेतकऱ्यानं उदबत्ती बुटाखाली विझवली होती. आई, मेधा, तन्वी डांबरी रस्त्यावर सुखरूप उभ्या होत्या. पण तो आता माझ्याकडे बघून आधीपेक्षा जोरात ओरडत होता!

"बाबा, हलू नको!" तन्वी रडायलाच लागली. "ते सगळे बॉम्ब त्या शेतातूनच निघाले!"

आपल्याच पावलांचे ठसे शोधत, दर पावलाला एकेक देव आठवत मी परत निघालो. देव संपले तेव्हा सासुरवाडीचं कुलदैवत घेतलं. शंभर पावलांना अर्धा तास लागला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आईनं मला घट्ट धरलं. "सीमोल्लंघनाला जाऊन लोक सोनं आणतात," ती म्हणाली. "तू जीव घेऊन आलास, पुष्कळ झालं."

"मी चालवते," मेधा म्हणाली. "किल्ली दे."

मी एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग हळूच शेताकडे बघितलं.

"मी काय म्हणतो," मी म्हणालो, "नॉटिंगहॅमला ट्रेननंच गेलो तर?"