मालतीच्या बशीतल्या पेशी

मालती गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेत चष्मेवाल्याकडे डोळे तपासून घेत होतो. समोरची अक्षरं पुसट होतीच, मग दिसेनाशीच झाली... झोपेतच हृदय थांबलं, असं तिची सून सांगत होती. त्याला आता महिना होऊन गेला.

कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुढे मी बँकेत लागलो आणि ती प्रयोगशाळेत, प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवत. "तू खुर्चीला इतका कसा चिकटतोस, त्यावरच प्रबंध लिहायला हवा," असं ती म्हणायची. मग मलाच तो आजार निघाला. धायरीला तिच्या घरी जाऊन मी विचारलं, "पसरेल का ग?" ती म्हणाली, "मला बशीतल्या पेशी कळतात. तू बशीत मावत नाहीस." मग चहा टाकता टाकता समजावलं. पेशींच्या अंगावरची काही प्रथिनं शेजारणींना धरून ठेवतात, ती कमी झाली की पेशी सुटते. काही प्रथिनं भोवतालचं कुंपण विरघळवून आत शिरायला वाट करतात, काही नव्या जागी पाय रोवायला मदत करतात. "पण हे सगळं जमावं लागतं रे. बहुतेक जणी वाटेतच मरतात." त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

पुढे एकदा तिचा आनंदानं फोन आला. एक प्रथिन अडवलं तर पेशी नव्या जागी चिकटेनात! मी ते औषधासारखं मनाशी धरून ठेवलं. काही आठवड्यांनी दुखरे गुडघे घेऊन ती आमचे दोन जिने चढून आली. पेशी चिकटू द्यायच्या, बशी धुवायची, उरतील त्या मोजायच्या, असा तो प्रयोग. तिच्या विद्यार्थिनीनं प्रथिन अडवलेली बशी जास्त जोरात धुतली होती, त्यामुळे घट्ट बसलेल्याही वाहून गेल्या. हिनं स्वतः दोन्ही बशा हलक्या हातानं धुतल्या, तर प्रथिन अडवलेल्या आणि न अडवलेल्या बशीत फरकच उरला नाही.

"मला कशाला सांगितलंस? माझ्या मनात राहिलं असतं तसंच."

"तुझ्या मनात राहील. पेशींना कोण सांगणार?"

मला रडू आलं. पण त्यानंतर माझ्या आजाराबद्दल मी फक्त तिचंच खरं मानलं. बाकी सगळे "काही होत नाही हो" म्हणत. ती तसं एकदाही म्हणाली नाही, पण माझ्या प्रत्येक तपासणीला दवाखान्यात येऊन शेजारी बसायची, शब्दकोडं सोडवत.

परवा पहिल्यांदाच एकटा गेलो. रिपोर्ट ठीक निघाला. निघणार तोच शेजारी फाईल छातीशी धरून बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "अहो, हे पसरतं का हो?" काही होत नाही, हे शब्द तोंडाशी आले होते... "खात्रीनं सांगता येत नाही," मी म्हणालो. "पण तुम्हाला आत बोलावेपर्यंत मी आहे इथं."

आणि पुन्हा खाली बसलो.