बारा पावलं

आमची गाडी एक होती आणि चालवणारे आम्ही दोघं. मी शाळेत भूमिती आणि चित्रकला शिकवतो, त्याचं गॅरेज. सातवीपासूनची दोस्ती. सगळी पेठ त्याला मिस्त्री म्हणते, तो मला मास्तर म्हणतो. खरी नावं इथे नाहीत. तशी त्याची अट आहे, ती का ते पुढे येईल.

गाडी म्हणजे भंगारात निघालेली छोटी चारचाकी, कधीकाळी कुणाची तरी पोरंबाळं घेऊन तुळजापूरला जाणारी. मिस्त्रीने तिच्यातली मागची सीट, काचा, दारांची अस्तरं सगळं उपसून काढलं. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्डिंगने बसवला, म्हणजे उलटली तरी छप्पर डोक्यावर येऊ नये. अशा गाड्यांची शर्यत आमच्याकडे हिवाळा सरताना व्हायची. पीक निघालेल्या रानात मातीची वाट आखायची, कडेने जुने टायर मांडायचे, पांढऱ्या फक्कीने रेघा मारायच्या. एका वेळी एकच गाडी सोडायची. तिची धूळ बसली की दुसरी. स्पर्धा घड्याळाशी. येणारे सगळे आमच्यासारखेच, आठवडाभर दुकान नाहीतर नोकरी करून रविवारी मातीत लोळणारे.

एका गाडीत दोघं पळणार म्हणजे आधी एकाने चक्कर मारून यायचं, उतरायचं, आणि दुसऱ्याने त्याच गरम सीटवर बसायचं. खांद्यावरचे पट्टे इतके घट्ट लागतात की बसलेल्याला ते स्वतःचे स्वतः आवळता येत नाहीत. म्हणून उतरणारा बसणाऱ्याचे पट्टे आवळतो. मी पहिला पळायचो, त्यामुळे हे काम माझं.

मिस्त्री दर वेळी माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने पुढे असायचा. गाडी वेगळी असती तर गाडीला दोष दिला असता. तेच इंजिन, तेच टायर, टाकीत तेच पेट्रोल. फरक होता तो माझ्यात. "मास्तर, तू गाडी चलाता नै," तो म्हणायचा, "गाडीकू शिकवता." सगळे हसायचे. मीही हसायचो. चार वर्षं हसलो.

त्या वर्षी मोडनिंबजवळचं एक रान मिळालं होतं. मालक म्हातारा, बोलायला कमी. त्याने एकच गोष्ट सांगितली.

"रान घ्या, वाट पाडा, माझं काय म्हननं न्हाय. पर त्या दगडाला हात लावायचा न्हाय. त्यो म्हसोबा हाय. माझ्या आज्याच्या आदीपासनं तितंच हाय."

दगड गुडघ्याएवढा, शेंदराने माखलेला. रानाच्या मागच्या अंगाला वाटेची एक सरळ पट्टी होती. एका टोकाच्या वळणाबाहेर ओढा, दुसऱ्या टोकाला बाभूळ. पट्टीच्या बरोबर मध्यावर, कडेला, तो दगड. सकाळच्या फेरीत गाड्या ओढ्याकडून बाभळीकडे पळायच्या. दुपारी वारं फिरलं की धूळ बघ्यांच्या अंगावर यायची, म्हणून दुपारची फेरी उलट्या दिशेने, बाभळीकडून ओढ्याकडे. हे सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी सराव दोन्ही बाजूंनी झाला.

चार गाड्या गेल्या की फक्की उडून जाते, टायर मातीच्या रंगाचे होतात. धुळीत काही म्हणजे काही दिसत नाही. दिसायचा तो फक्त शेंदूर. मिस्त्रीने हे हेरलं आणि संध्याकाळी चहा पिताना मला एकट्याला सांगितलं. "सुन. दोनो बाजूसे हिसाब एकच. दगड बाजूकू आया, के ब्रेक पे पाँव मारना. उसके पैले नै, उसके बाद नै."

कुणी आपलं गुपित प्रतिस्पर्ध्याला सांगत नाही. त्याने सांगितलं, कारण मी प्रतिस्पर्धी आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. हेही मला लागलं.

रविवारी उजाडता उजाडता मी वाट पायी बघून येतो म्हणून एकटा निघालो. बरोबर एक रिकामं पोतं घेतलं होतं. म्हणजे ठरवूनच गेलो होतो, तिथे गेल्यावर मनात आलं वगैरे म्हणणार नाही. दगड खालून ओला आणि गार होता. तो पोत्यावर कलता केला आणि ओढ्याच्या बाजूला ओढत नेला. बारा पावलं मोजली. बाराच, कारण तेवढ्याने मिस्त्री लवकर ब्रेक मारेल आणि त्याचा अर्धा सेकंद जाईल, असा माझा हिशेब होता. कुणाला इजा नाही, काही नाही. जुन्या जागेचा खळगा पायाने बुजवला. तेव्हा एकही पाखरू ओरडत नव्हतं, इतकंच आठवतं. परत येताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की दगडच माझ्याकडे बघतोय, मी नव्हे.

सकाळच्या फेरीत मी त्याच्या पुढे होतो. थोडाच, पण पुढे.

मिस्त्री हेल्मेट काढून गाडीच्या नाकावर बसला. "दगड आज जल्दी आया रे," तो म्हणाला.

"म्हसोबा फिरायला निघाला आसंल," कुणीतरी म्हणालं. "रविवार हाय, त्याला बी सुट्टी."

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. तो दगडाकडे डोळे बारीक करून बघत होता. ऊन चढलं होतं, जमिनीवर झळा होत्या, आणि त्या झळांवर शेंदराचा तो ठिपका जमीन सोडून वीतभर वर तरंगताना दिसत होता. "मेरीच आँख में कुछ गडबड है," तो शेवटी म्हणाला.

मग वारं फिरलं. भोंग्यावरून सांगितलं, आता उलट्या दिशेने.

मी भूमिती शिकवणारा माणूस. एकीकडून जवळ आणलेली गोष्ट दुसरीकडून लांब जाते, हे मी पोरांना फळ्यावर रेघ मारून दाखवतो. पहाटे मी फक्त सकाळच्या फेरीचा विचार केला होता. दुपारची आठवली ती भोंगा थांबल्यावर. आता दगडापर्यंत थांबून ब्रेक मारणारा बारा पावलं उशिरा मारणार होता, आणि वळणाबाहेर दोन पुरुष खोल ओढा होता.

मी आधी पळालो. मला खरी जागा ठाऊक होती, तिथे ब्रेक मारला आणि सुखरूप परत आलो. उतरलो. मिस्त्री बसला. मी वाकून त्याच्या छातीवरचे पट्टे आवळायला लागलो. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. चहाचा आणि पेट्रोलचा वास येत होता.

कबुली द्यायची गरजच नव्हती, हे मला फार नंतर सुचलं. नुसतं खोटं बोललो असतो तरी पुरलं असतं. 'दगडाच्या अलीकडेच दाब, पुढे माती सैल झालीय,' एवढं एक वाक्य. त्याने ऐकलं असतं, माझं तो नेहमी ऐकायचा. मी तोंडही उघडलं.

"जास्त आवळलं का?" मी विचारलं.

"बराबर है," तो म्हणाला. "सरक, धूळ बैठ गई."

मी सरकलो.

गाडी पट्टीवर गेली तशी धूळ उठली आणि ती दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज तेवढा होता. मी आवाजावर बोट ठेवून चाललो होतो म्हणा ना. इथे पाय सुटायला हवा. इथे. आवाज चढाच राहिला. मग तो एकदम थांबला, आणि त्यानंतर किती वेळ कोण जाणे, काहीच ऐकू आलं नाही. धूळ तिथेच उभी होती. बसायलाच तयार नव्हती. तिच्यात शिरायला पहिल्यांदा कुणाचा पाय उचलेना.

पिंजऱ्याने त्याचा जीव वाचवला. उजवा हात उलटताना खिडकीबाहेर गेला होता. पंजा राहिला, पण त्यातली पकड गेली. मिस्त्रीच्या हातात पाना राहीनासा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दगड परत जागेवर ठेवायला गेलो. दगड जागेवर होता. मध्यावर, पूर्वीसारखा, वर ताजा शेंदूर. बारा पावलांवर माती सपाट, जणू तिथे कधी काही नव्हतंच. मी पोतं हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिलो. मग पळालो, पळालोच.

पोलिसांना, घरच्यांना, सगळ्यांना मिस्त्रीने एकच सांगितलं, मेरी गलती. ब्रेक उशिरा मारला. पण मला एकट्याला त्याने वेगळं सांगितलं. त्या दगडाला आपण खुणेसाठी वापरला, देव म्हणून नाही, त्यामुळे तो हलला. "तू हसेगा, मास्तर. मैंने देखा उसकू. सुबू इधर था, दोपहर कू उधर." दर वर्षी त्या सुमाराला तो माझ्या हाती एक नारळ द्यायचा. त्याला जायची हिंमत नव्हती. "मेरे तरफसे माफी माँग," म्हणायचा. आणि मी जायचो. पाच वर्षं मी तो नारळ त्या दगडापुढे फोडला, त्याच्या वतीने माफी मागितली. दुसऱ्या वर्षी नारळ नासका निघाला. मी परत येऊन मिस्त्रीला सांगितलं, चांगला होता, गोड होता.

या काळात तो गाडीला हात लावायचा नाही. रस्ता ओलांडताना थबकायचा. समोरची रिक्षा लांब आहे की जवळ, मला विचारायचा. गॅरेज दुसरेच चालवत होते. तो फाटकाशी खुर्ची टाकून ऑइलचे डबे विकायचा. हात गेला त्यापेक्षा हे बघवत नव्हतं. स्वतःच्या नजरेवरचा त्याचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि तो मात्र देवाची माफी मागत होता.

या वर्षी नारळ फोडून उठलो तर म्हातारा मालक मागे उभा.

"मास्तर, त्या दिवशी म्या कडबा न्यायला आल्तो. पोतं वडताना बगितलं तुमाला."

मी हातातली करवंटी खाली ठेवली.

"सांजच्याला म्याच लावला त्याला परत. वाटलं, सांगतील आपनहून. पाच वर्सं झाली की."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"दगड माजा हाय, त्यो म्या जाग्यावर लावला," तो म्हणाला. "बाकीचं माजं न्हाय."

तिथून मी घरी गेलो नाही. मिस्त्रीच्या फाटकाशी गेलो, दुसरी खुर्ची ओढली आणि सांगितलं. पोतं, बारा पावलं, पट्टे आवळताना गप्प राहिलो ते, सगळं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

त्याने विचारलं, "कित्ते पावलं बोला?"

"बारा."

समोर उभ्या एका गाडीच्या धुळकट बॉनेटवर त्याने डाव्या हाताच्या बोटाने पट्टी काढली, ओढा काढला, दगडाचे दोन ठिपके काढले. त्यांच्यात बोट मागेपुढे फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला, आणि तो मी पाहिला नसता तर बरं झालं असतं. तो आनंदला होता.

"मतलब मेरा पाँव सही था," तो म्हणाला. "मैंने दगड पे च मारा."

"हो."

"पाँच साल, मास्तर." मग म्हणाला, "लिख ये. सबकू पढने दे. तेरा नाम नक्को, मेरा नक्को. इतना लिख, के मेरा पाँव सही था. अब जा."

मी गेलो. लिहितो आहे ते त्याने सांगितलं म्हणून.

पंधरा दिवसांनी मिस्त्रीच्या घरून भाभींचा फोन आला. "भाईजान, उनो गाडी निकालेत. गिऱ्हाइकाने सोडलेली एक पुरानी गाडी है. रोज अक्कलकोट रस्ते के माळ पे जातेत. आप बोलो ना जरा, आपकीच सुनतेत."

मी माळावर गेलो. भर दुपार, माणूस नाही काणूस नाही, उजाड माळ आणि त्याच्या टोकाला दगडी बांध. मिस्त्री गाडीत बसून होता. स्टिअरिंगला ट्रॅक्टरला असतो तसा गोळा बसवलेला, त्यावर डावा हात. उजवा मांडीवर. मी थांबवायला आलोय हे त्याला कळलं असणार. त्याने डावीकडचं दार आतून ढकलून उघडलं.

"बैठ. एक हात से गिअर नै पडता. मैं बोलूँगा, तू डालना."

'नको' म्हणायचा हक्क मला होता का, याचा मी अजून विचार करतोय. बसलो. माझ्या बाजूला पट्टा नव्हता.

"पैला," तो म्हणाला. मी टाकला. "दुसरा." टाकला. पत्रा थडथडायला लागला, फुटलेल्या काचेतून धूळ आत आली. "तिसरा." मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता, डोळे उघडे, चेहरा शांत, सातवीत होता तसा. माळावर खूण म्हणावी असं काही नव्हतं. बांध वाढत होता. कुठे दाबायचं ते फक्त त्यालाच माहीत होतं, आणि माझा हात गिअरच्या दांड्यावर, तो पुढचा आकडा बोलायची वाट बघत.