हुबेहूब ओरखडा

वर्षभर खपून माझ्या नवऱ्यानं अंतराळ-सैनिकाचं फायबरचं चिलखत केलं, अगदी सिनेमातल्यासारखं. उरला होता फक्त सिनेमात त्याच्या छातीवर दिसणारा एक ओरखडा. समोर लावलेला फोटो हलू नये म्हणून मी पंखा बंद केला. त्यानं कटर उचलला.

"राहू दे ना. किती गुळगुळीत झालंय."

"आता बोलू नकोस."

शूटिंगच्या वेळी तो ओरखडा कुणाच्या तरी धसमुसळेपणानं पडला असेल. आपल्यालाही ओरखडे असेच पडतात, पाडणाऱ्याचं लक्षही नसतं. इथे मात्र एका ओरखड्यासाठी सगळं घर श्वास रोखून होतं.

कटर घसरला, भलतीकडेच गेला.

"चुकला," तो म्हणाला, आणि तो ओरखडा बुजवायला लांबी कालवू लागला.

मी पंखा बंदच ठेवला.