लॉजच्या दारातली फळी

मुलांनो, तुमच्या आजोबांची बदली बालाघाटला झाली, तेव्हा घर मिळेपर्यंत आम्ही आठवडाभर एका लॉजमध्ये राहिलो. तिथल्या तीन उंच पायऱ्यांपाशी मी एका माणसाला पाहिलं, एकदाच. भरवेलीच्या खाणीत एक पाय गमावलेला, कुबड्यांवर उभा, अंगात इस्त्रीचा सदरा. त्याच्या मुलीची सोयरीक ठरवायला आलेली मंडळी आत उतरली होती.

मालक चांगला माणूस. त्यानं लगेच नोकरांना हाक मारली, "उचला रे भाऊले!"

त्या माणसानं कुबडी आडवी धरली. "मालक, सोयऱ्यांसमोर मी पोत्यावानी येऊ काय?" मग शेजारी लांब फळीवरून ट्रकमध्ये तांदूळ चढवणाऱ्या हमालांकडे पाहून म्हणाला, "पोत्याले फळी लावता, माणसाले काहून नाई?"

"हौ, खरं हाय," मालक ओशाळून म्हणाला आणि स्वतः तशी फळी मागून आणली. तो माणूस कुबड्या टेकत सावकाश चढला, वर थांबून टोपी सरळ केली आणि मगच आत गेला.

सोयरीक जुळली की नाही, मला कळलं नाही. आम्ही लॉज सोडला तेव्हा मात्र फळी तिथंच होती, खाली विटा लावून पक्की बसवलेली. माझे पाय तेव्हा धड होते, तरी मी तिच्यावरूनच उतरले.