एक नंबरची कुस्ती शेवटी

माझं काम घरात कुणालाच कळत नाही आणि ते समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी कोल्हापुरातल्या आमच्या घरात बसून बिल्ड स्क्रिप्ट लिहिते. म्हणजे ढीगभर फायलींतली कुठली आधी घ्यायची, कुठली नंतर, कुठली तयार झाल्याशिवाय पुढचीला हात लावायचा नाही, हे संगणकाला एकदाच नीट लिहून द्यायचं. मग तो सगळं मुकाट करतो. क्रम चुकला की मात्र सगळा बट्ट्याबोळ. आबा, म्हणजे माझे वडील, माझी ओळख करून देताना सांगतात, "पोरगी फायली लावती." ऐकणाऱ्याला वाटतं मी तलाठ्याच्या कचेरीत आहे.

आबा आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद. गेल्या वर्षी तालमीच्या कुस्ती-मैदानाची फिल्म करायची टूम निघाली, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. मी सांगितलं, आधी प्रत्येक कुस्तीचा व्हिडिओ कापायचा, मग त्यावर पैलवानांच्या नावाची पट्टी चढवायची, मग सगळे तुकडे ओळीनं जोडायचे. आधी जोडून मग पट्ट्या चढवायला गेलं तर एकाचं नाव दुसऱ्याच्या छाताडावर बसतं.

"असं व्हय," आबा म्हणाले. "कुस्तीच्या हौद्यातल्या मातीगत. आधी चाळायची, मग तेल-ताक. ताक घालून चाळाय गेलीस तर चाळण बी गेली आणि माती बी."

इतकी वर्षं मी घसा कोरडा केला आणि या माणसानं ते दोन वाक्यांत उरकलं. मला जरा रागच आला.

त्या मैदानात माझी लेक पहिल्यांदा लढणार होती. चौथीतली पोर, पण रोज पहाटे आबांच्या आधी तालमीत हजर. आबांनीच तिला ढाक हा डाव शिकवला होता. आपली ढाक आबांनी मैदानात बघावी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण लहान पोरांच्या कुस्त्या सगळ्यात आधी, टळटळीत उन्हात लागतात. तेव्हा प्रेक्षक घरी जेवून पडलेले असतात आणि वस्ताद फाटकात उभे राहून पाहुण्यांना फेटे बांधत असतात. तशी पद्धतच आहे. आलेल्या पाहुण्याला वस्तादानं स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा, नाहीतर पाहुणा वर्षभर रुसतो.

वारणानगरकडून आलेल्या पोरीला माझ्या लेकीनं ढाकेवर चितपट केलं. मी गॅलरीत एकटीच नाचले. हलगीवाल्यानंसुद्धा आळसावून दोन ठोके दिले. संध्याकाळी घरी येताना लेक माझ्यापुढं चालत होती. चौकात आल्यावर म्हणाली, "मी जिंकलो, पण आबांनी बघितलंच न्हाई." मग स्वतःच स्वतःची समजूत घातली. "फिल्ममधी बघतील की."

फिल्म तालमीच्या अंगणात, मांडव घालून दाखवायची ठरली. नंतर तांबडा-पांढरा रस्सा. म्हणजे सगळी पेठ येणार, पाहुणे येणार आणि आबा परत फाटकात. लेकीची कुस्ती फिल्ममध्येही पहिलीच असणार, हे माझ्या ध्यानात आलं आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. मी आबांना म्हटलं, "सुरवातीला जरा आत येऊन बसा." ते म्हणाले, "पावणं काय वाऱ्यावर सोडू?" एवढ्यावर विषय संपला. लेक फिल्मच्या संध्याकाळी पहिल्या सतरंजीवर जाऊन बसली आणि शेजारची जागा पाय पसरून अडवून ठेवली. ती कुणासाठी आहे हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

फिल्म सुरू झाली आणि पडद्यावर उतरले ते थेट दोन थोराड पैलवान. एक नंबरची कुस्ती, जी मैदानात दिवेलागणीला, सगळ्यात शेवटी लागली होती.

झालं होतं असं. माझ्या भावानं व्हिडिओंना नंबर दिले ते मैदानाच्या पोस्टरवरून. पोस्टरवर एक नंबरची कुस्ती सगळ्यात वर, मोठ्या फोटोंसकट असते आणि पोरांच्या जोड्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी स्क्रिप्टला सांगितलं, एकपासून चढत्या क्रमानं जोड. कुठल्याही गावच्या मैदानात एक नंबरची कुस्ती शेवटी लागते, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी तर वस्तादाची पोरगी. जोडलेल्या फिल्मची पहिली दोन मिनिटं मी तपासलीही होती; सुरवात कशी दणक्यात झालीय म्हणून खूशही झाले होते.

अंगणात हशा उसळला. "वस्ताद, उलटं लागलंय की," कुणीतरी ओरडलं. आबा हातातला अर्धा फेटा तसाच घेऊन आत आले. ज्याच्या डोक्याला उरलेला अर्धा होता तो पाहुणाही मागोमाग ओढला गेला.

"काय गं हे? ह्येच का तुझ्या फायली?"

मी लॅपटॉपकडे धावले, पण म्हातारे पैलवान मला हलू देईनात. त्यांना एवढी चांगली कुस्ती मध्येच तोडायची नव्हती. रस्सा शिजायला अजून वेळ होता, त्यामुळे कुणी उठतही नव्हतं. आबा बडबडत राहिले आणि आता आणखी काय उलटं निघतंय यावर नजर ठेवायला म्हणून पुढं येऊन लेकीनं राखलेल्या जागेवर बसले. तिनं पाय आखडून घेतले.

पैलवान बारीक होत गेले. सगळ्यात शेवटी आली ती दोन पोरींची कुस्ती. मैदानात जी जेमतेम गॅलरीतल्या चार बायकांनी पाहिली होती, ती आता भरल्या अंगणानं पाहिली. ढाक बसली तशी मागून शिट्टी आली. लेकीनं पडद्याकडे बघितलंच नाही, ती आबांचं तोंड बघत होती.

पडद्यावर ती उठली, अंगाची माती न झटकता फाटकाकडे वळली आणि तशीच बघत उभी राहिली. तिकडं, चौकटीच्या कोपऱ्यात, पांढऱ्या सदऱ्यातली एक रुंद पाठ होती. ती पाठ कुणाला तरी फेटा बांधत होती आणि वळत नव्हती. फिल्म तिथंच संपली.

"परत लाव," आबा म्हणाले.

मी परत लावली. या वेळी ते ढाकेला "शाब्बास" म्हणाले, पण कोपऱ्यातली पाठ आली तसे पडद्याकडे वाकले. मग लेकीला विचारलं, "पाठ माझीच न्हवं ती?"

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली आणि फिल्म सरळ केली. तालमीच्या वेबसाइटवर आता तीच आहे. उलटी आबांच्या मोबाइलमध्ये आहे, ती त्यांनी कुणाला पुसू दिलेली नाही.

यंदाच्या मैदानात हलगी सुरू झाली तेव्हा ऊन तितकंच होतं आणि गॅलरी तितकीच रिकामी. लेक हौद्यात उतरली. फाटकाकडून भाऊ पळत आला. "आबा, पावणं आल्यात. फेटं घिऊन उभं हायत."

आबा हौद्याच्या कडेला मांडी घालून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"थांबू देत," ते म्हणाले. "पयली कुस्ती हुंदे."