पोस्टकार्डाचं पॅकिंग

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनाही नाही. त्या टॅक्सीच्या पेट्रोलमध्ये रॉकेल नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि तरीही मी तिच्या ड्रायव्हरचे हात धरून ठेवले.

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना. घाटकोपरला आग्रा रोडला लागून आमचं गॅरेज होतं. उस्ताद गावी गेले होते, कामं माझ्यावर. एका शेठची काळी-पिवळी टॅक्सी कार्बोरेटर साफ करायला आली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये अर्ध्या बोटाएवढं जाड, काळं, कडक पॅकिंग असतं. इंजिनाची धग वर पेट्रोलपर्यंत जाऊ नये म्हणून. ते चिकटून बसलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं, त्याचे दोन तुकडे झाले.

आमच्याकडे शिकवणं म्हणजे मारणं. उस्तादांनी फेकलेल्या पान्ह्याचा वण माझ्या भुवईवर आजही आहे. पॅकिंग तोडलं असं कळलं असतं तर दुसरी भुवई गेली असती. मी एक पोस्टकार्ड घेतलं, जागेवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकलं. तसं केलं की पॅकिंग नेमकं कापून निघतं. तेच लावून नट आवळले. हवा धरायला ते पुरतं, धग अडवायला नाही. गाडी झकास सुरू झाली. तुकडे मी कचऱ्यात टाकले.

चार दिवसांनी त्या टॅक्सीचा ड्रायव्हर आला. मालवणकडचा, माझ्याच वयाचा. आमची ओळख जुनी, त्याच्या डब्यातली कालवणं मी खाल्लेली.

"काय केलंस मरे तू हिका?" तो म्हणाला. "सकाळी एका सेल्फात सुरू होता. पवईचो चढ चढलंय, सिग्नलाक थांबलंय, की मेली. अर्धो तास बॉनेट उघडून ठेवलंय की परत सुरू."

"बॉनेटखालच्या पेट्रोलपंपावर ओला फडका टाक, थंड राहील."

"टाकलंय. आता माझ्या डोक्यार टाकूक व्हयो."

मी हसलो. गरम इंजिन बंद करून त्याने कार्बोरेटरला कान लावला. "ऐक. चाय उकळता तसा वाजता." मीही कान लावला. आत पेट्रोल बुडबुडत होतं. पोस्टकार्डातून धग सरळ वर येत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "उन्हाळा आहे रे, होतं असं. चालव."

पुढच्या रविवारी शेठ मुलीच्या साखरपुड्याला मुलुंडला निघाले, त्याच टॅक्सीतून, होणाऱ्या व्याह्यांना सोबत घेऊन. भर दुपारी गाडी तीनदा मेली. तिसऱ्यांदा व्याही उतरून रिक्षाने गेले. जाताना म्हणाले, "शेठ, मुलगी तरी वेळेवर पोचवा."

साखरपुडा कसाबसा उरकून संध्याकाळी शेठ ड्रायव्हरची कॉलर धरूनच गॅरेजात शिरले. त्याचं नाक आधीच फुटलं होतं, शर्टावर रक्त.

"ह्याने पेट्रोलात स्वस्तातलं रॉकेल मिसळून पैसे मारलेत. बघ तू."

रॉकेल ओळखायची आमची रीत साधी होती. कागदावर पेट्रोलचे दोन थेंब टाकायचे. पेट्रोल उडून जातं, रॉकेलचा तेलकट डाग राहतो. मी नुकतेच सुटे भाग रॉकेलने धूत होतो. हात पुसले नव्हते. वर्तमानपत्राचा तुकडा धरला तेव्हाच माझ्या बोटांखाली तो ओला झाला. मी थेंब टाकले. पेट्रोल उडालं. माझ्या बोटांचा डाग राहिला.

"डाग आहे ना?" शेठने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

ड्रायव्हर शेठकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "रॉकेल असतां तर थंड असताना खोकली असती, धूर सोडल्यान असतो. ही तापल्यावरच मरता. तू मिस्त्री मां रे? सांग ना ह्येंका."

त्याचं बरोबर होतं. रॉकेल तर पेट्रोलपेक्षा उशिरा उकळतं. मी तो कागद शेठच्या हातात दिला.

शेठने खिळ्यावरचा जुना फॅनबेल्ट काढला आणि त्याच्या तोंडावर मारला. पहिल्या फटक्याला गाल फाटला. त्याने हात वर केले. "धर रे ह्याला," शेठ मला म्हणाले. मी मागून दोन्ही दंड धरले. जोर लावून धरले. बेल्टचे चार-पाच फटके माझ्याही मनगटावर बसले, तरी सोडलं नाही. तो खाली पडला तेव्हा शेठने चाकाचे नट सोडवायची लोखंडी टॉमी उचलली आणि त्याच्या डाव्या हातावर घातली. नंतर पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा नसतो, ओला असतो. गाडीचा गिअर डाव्या हाताने टाकतात. शेठना ते ठाऊक होतं.

तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "तुका म्हायत आसा."

रस्त्यावरून माणसं बघत होती. शेठने त्यांना सांगितलं, "चोर आहे. रॉकेल घालतो." सगळ्यांनी मान डोलावली. एकाने आत येऊन त्याला लाथ घातली, त्याचा काही संबंध नसताना.

दोन दिवसांनी नवा ड्रायव्हर तीच गाडी घेऊन आला. तापली की मरते म्हणाला. मी सुट्या भागांच्या बाजारात जाऊन जाड पॅकिंग आणलं, बसवलं, गाडी पुन्हा कधी मेली नाही. शेठने विचारलं काय होतं, मी म्हटलं, "टाकीत रॉकेल मिसळलेला जुना माल होता, काढला." त्यांना तेच ऐकायचं होतं.

त्याचा हात वाकडाच बसला. चोर म्हणून नाव झालेल्याला घाटकोपरात कोणी गाडी दिली नाही. पुढे कळलं, मालाडला एका इमारतीत वॉचमन आहे. काही वर्षांनी मी तिथल्या बाजारात त्याला पाहिलं. त्याची मुलगी सोबत होती. तिच्या हातातली पिशवी तो उजव्या हाताने घेत होता. मी समोरच्या दुकानात शिरलो आणि तो जाईपर्यंत बादल्यांचे भाव विचारत राहिलो.

आज माझं स्वतःचं गॅरेज आहे. पोरांवर मी हात उचलत नाही. लोक त्याला माझा चांगुलपणा म्हणतात.

तो जिवंत आहे, पत्ता माझ्याकडे आहे. त्याच्या दारात जाऊन, त्याच्या मुलीच्या देखत, पेट्रोल स्वच्छ होतं, पॅकिंग मी तोडलं आणि तुला मी धरून ठेवलं, एवढी तीन वाक्यं मी त्याचं देणं लागतो. ती मी अजून दिलेली नाहीत.