मोठ्या भावाचा कोंबडा

शुभवर्तमानातली ती दोन पोरांची गोष्ट मला लहानपणापासून पटलेली नाही. बाप जिवंत असताना धाकटा हिस्सा मागतो, परमुलखात जाऊन सगळा उडवतो, डुकरं राखायची पाळी आली की त्याला घर आठवतं. आणि परत आल्यावर बाप काय करतो? पोसलेलं वासरू कापून मेजवानी! मोठा बिचारा वावरातून राबून येतो, तर घरात गाणं-बजावणं सुरू. तो रुसून बाहेर उभा राहतो, बाप त्याला मनवायला बाहेर येतो आणि तिथंच गोष्ट खलास. मोठा आत गेला की नाही, पत्ता नाही. मुकुटबनजवळच्या आमच्या गावात चर्चला जाणारी घरं थोडीच. त्या सगळ्यांत मोठ्याची बाजू घेणारा मी एकटा.

कारण मी स्वतः मोठा आहे, आणि माझा धाकटाही याच वळणाचा. हिश्श्याचं वावर विकून हैदराबादेत मोबाईलचं दुकान टाकायला गेलता. दुकान बुडालं. यंदा पोळ्याच्या सुमारास परत आला, तो दाढी वाढवून आणि हातात एक स्पीकर घेऊन. मी कपाशीवर फवारणी करून घरी येतो, तर आतून रश्श्याचा वास आणि स्पीकरवर गाणी. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो, तर माझा कोंबडा गायब!

तो साधासुधा कोंबडा नव्हता, आधीच सांगतो. पिल्लू असताना मी त्याला मुंगसाच्या तोंडातून सोडवलं होतं, हातावर दाणे चारले होते. बायको म्हणायची, "इतका जीव मले लावला असता तं!" आणि तो कोंबडा बाबांनी कापून त्या उडाणटप्पूला वाढला. माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून धाकट्याशी बोलणं बंद आणि एका पंगतीत जेवणंही बंद. तो समोरच्या खोलीत जेवायचा, मी मागच्या पडवीत. बाबा मधल्या दारात पाट टाकून बसायचे आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत जेवायचे.

अशात चर्चमध्ये नवे पास्टर आले, नगरकडचे. माणूस चांगला, पण गावाची काही माहिती नाही. रविवारच्या अभ्यासात त्यांनी हीच गोष्ट काढली आणि विचारलं, "यातला संदेश काय?"

"बापानं जितेपनी हिस्सा देऊ नये," मागून एक जण म्हणाला.

आमच्या आळीतली म्हातारी उठली. चर्च असो, विहार असो की देऊळ, ही सगळीकडे हजर. रुसलेले जावई मनवण्यात तिची हयात गेलेली. ती म्हणाली, "ते जाऊ द्या जी. त्या पोट्ट्याईची माय कुठं होती? माय असती तं दोघाईले एका ताटात जेवू घातलं असतं." आमच्या घरातही आई नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पास्टर हसले. म्हणाले, मोठा आत गेला का, हे प्रभूनं मुद्दाम सांगितलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. हा मुद्दा त्यांना इतका आवडला, की नाताळात यावर नाटकच बसवायचं त्यांनी ठरवून टाकलं.

"बापाला दाढी पाहिजे," ते म्हणाले. दाढी अख्ख्या मंडळीत एकालाच होती, माझ्या धाकट्याला! मग माझ्याकडे वळले. "आणि मोठा भाऊ तुम्ही. त्याच्याबद्दल तुम्ही फार मनापासून बोलता." नाटकातल्या धाकट्याचं काम चर्चच्या ढोलकीवाल्याला मिळालं. आमचं काय चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं, पण एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ! माझी बायको पदर तोंडात कोंबून हसून राह्यली होती. तालमीत आम्ही दोघं लिहिलेली वाक्यं तेवढी बोलायचो, आणि तालीम संपली की तोंडाला कुलूप.

नाटकानंतर त्याच मांडवात प्रीतिभोजन होतं, म्हणून सगळा गाव आला. गोष्टीतल्या वासराचा आम्ही बोकड केला होता. गावात राहायचं आहे आम्हाला. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर. मी हातात विळा घेऊन मांडवाबाहेर उभा राहिलो आणि तक्रार सुरू केली. इतकी वर्षं राबलो, मला कधी साधं करडूही दिलं नाही, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "माहाच कोंबडा कापला अन् मलेच इचारलं नाई!"

मांडव हसून हसून आडवा झाला. बाबा आपल्या चपलांकडे बघू लागले.

बाप बनलेला माझा धाकटा बाहेर आला. म्हातारा दिसावा म्हणून दाढीला आमच्याच घरातला कापूस चिकटवलेला. त्यानं बापाची वाक्यं म्हटली आणि हात पुढे केला. ठरल्याप्रमाणे आम्ही तसेच थांबलो. पास्टर म्हणाले, "गोष्ट इथंच थांबते. मोठा आत गेला का? मनाला विचारा. आता जेवायला बसा."

कोणी बसेना.

"अवो साहेब," म्हातारी म्हणाली, "पोरगं भायेर उभं हाये अन् जेवाले बसा म्हन्ता?"

"मावशी, ते नाटक आहे."

"नाटक तं नाटक. रुसलेलं मानूस भायेर ठेवून आमी घास उचलत नाई."

बसायला निघालेले चार लोकही थांबले. पास्टर पुन्हा अर्थ समजावू लागले. "अर्थ समजला जी," कोणीतरी ओरडलं, "पन त्याले आत घ्या!"

माझी पंचाईत झाली. आत जावं तर हार मानल्यासारखं, न जावं तर गाव उपाशी. थंडी मरणाची. धाकट्याचा हात अजून पुढेच होता. तो हळूच म्हणाला, पण कॉलरचा माईक चालू होता, "दादा, तो कोंबडा तुहा होता हे मले मालूम नोतं. बाबानं सांगतलं, बजारातून आनला."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

"खरं सांगतलं असतं तं जेवला असता का तो?" बाबा तिथूनच करवादले. "दोन दिवसाचा उपाशी आलता पोट्टा. घरात दुसरं होतं काय?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा काठी टेकत उठले, मांडवाबाहेर आले. रुसलेल्याला आणायला घरच्या कर्त्यानं स्वतः उठून बाहेर यायचं, ते आमच्याकडे फक्त जावयासाठी. माझं कोपर धरून म्हणाले, "तू मांगं जेवतं, हा समोर जेवते. मधात बसू बसू मी थकलो बाप्पा."

मला रडू आलं, सरळ सांगतो. हातातला विळा धाकट्याकडे दिला आणि म्हटलं, "चाला."

जेवण वाढताना पास्टर कुरकुरले, "तुम्ही शेवटच बदलून टाकला." मी म्हटलं, साहेब, इतकी वर्षं माझं सगळं लक्ष मोठ्यावर होतं, त्याचं आजही मला बरोबरच वाटतं, आणि कोंबडा मी विसरलेलो नाही. पण बाहेर आलेल्या बापाचं जेवण थंड होत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाबा आमच्या दोघांच्या मधातच बसले. पण इकडे-तिकडे बघत नव्हते. मान खाली घालून पोटभर जेवत होते.